खंड की वाटा? दिंडोरीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दिंडोरीकर दादा, नमस्कार. खासगी एफएम रेडिओने सरकारला द्यायचं वार्षिक शुल्क लिलावातल्या बोलीशी न बांधता फक्त कमाईच्या वाट्याने घ्यावं, असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत: "रेडिओच्या लहरी जनतेच्या, बोली कंपन्यांनी स्वतःच्या हौसेने लावली, मग आता रडगाणं कशाला? आमच्या द्राक्षाचा भाव पडला की कोण माफी देतं? आणि ते छोटी स्थानिक स्टेशनं चालवणारे कम्युनिटी रेडिओवाले, ते तर नुसते ओरडतात."

लहरी जनतेच्या, हे मान्यच. सर्वोच्च न्यायालयानेच 1995 मध्ये तसं सांगितलंय. पण मी माफी मागितलेलीच नाही, लेख पुन्हा बघा.

द्राक्षाचा विषय काढलात, म्हणून शेतीच्याच भाषेत बोलतो. जमीन खंडाने द्यायची नाहीतर वाट्याने. खंड ठरला की पाऊस पडो न पडो, तेवढे पैसे मोजायचे. वाटा ठरला की पिकेल त्यात हिस्सा. आता एखादा मालक म्हणाला, "खंड आणि वाटा, दोन्ही मांडून बघू, जे जास्त भरेल ते मी घेणार," तर त्याची जमीन कोण कसेल? खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या 2011 च्या सरकारी धोरणात नेमकं हेच आहे: ढोबळ उत्पन्नाचे 4 टक्के किंवा लिलावात ठरलेल्या प्रवेश शुल्काचे 2.5 टक्के, यांतलं जे जास्त ते. समजा प्रवेश शुल्क 10 कोटी आणि वर्षाची कमाई 2 कोटी. वाट्याने होतात 8 लाख, भरायचे 25 लाख. म्हणजे कमाईचे साडेबारा टक्के. शिवाय ते 10 कोटी आधीच भरून झालेले असतात.

हौसेने बोली लावली, हे अर्धं खरं. पहिल्या टप्प्यात 108 वाहिन्या लिलावात निघाल्या, शुल्क ठरीव आणि वर दरवर्षी 15 टक्के वाढ. हिशेब करा, दहाव्या वर्षी साडेतीनपट होतं. त्यातल्या 21 च सुरू झाल्या. डोळे मिटून बोली लावणाऱ्यांची मला कीव येत नाही, पण असा करार लिहिणाराही शहाणा म्हणता येत नाही.

आणि कमाई म्हणजे काय, तेही ऐका. मी तीन वर्षं नाशकात एका खासगी स्टेशनसाठी जाहिराती गोळा करत फिरलोय. दिवाळीआधी एमजी रोडचे दुकानदार स्वतः फोन करायचे, पितृपंधरवड्यात त्यांचंच "पुढच्या महिन्यात बघू". भद्रकालीतल्या एका कापडवाल्याने तर महिनाभराच्या जाहिरातींचे पैसे म्हणून सहा साड्या माझ्या स्कूटरच्या डिकीत कोंबल्या. (त्यातल्या दोन फिकट निघाल्या, ते जाऊ द्या.) नियमाप्रमाणे अशी मालाच्या बदल्यातली जाहिरातही बिलाच्या दराने ढोबळ उत्पन्नात धरतात, आणि एजन्सीचं कमिशनही त्यातून वजा होत नाही. तरीही 4 टक्क्यांवर माझी हरकत नाही. तो वाटा आहे.

कोणी म्हणेल, लहरींचे पैसे मोबाइल कंपन्याही मोजतात. पण ती तुलना इथे बसत नाही. रेडिओचा श्रोता एक पैसा देत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्याही देता येत नाहीत, लावायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा.

हे मी एकटाच म्हणतोय असंही नाही. शुल्क बोलीशी बांधू नका, असं दूरसंचार नियामक ट्रायने सप्टेंबर 2023 मध्ये सांगितलं. ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांसाठी जीएसटी वगळून सरळ 4 टक्के मंजूरही केले. पण नव्या शहरांपुरतेच. नाशकात एफएम आधीपासून, म्हणून आपण त्या यादीत नाही.

राहिले ओरडणारे कम्युनिटी रेडिओवाले. 2012 मध्ये त्यांचं वर्षाचं स्पेक्ट्रम शुल्क (लहरी वापरण्याचे पैसे) 19,700 रुपयांवरून एकदम 91,000 वर नेलं होतं. ओरडले, म्हणून ते मागे घेतलं गेलं. त्यांचा ट्रान्समीटर असतो 50 वॅटचा, आपल्या छताच्या पंख्याहून कमी. नाशकातून लावला तर तुमच्या दिंडोरीपर्यंतही ऐकू येणार नाही.