अपघात विभागातील पैशांची खिडकी

गेल्या गळीत हंगामात, नोव्हेंबरमधल्या एका रात्री, माझे मामा केर्लीजवळ उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकलसह आदळले. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिला मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. चाकाला जॅक लावत बसलेला एक ऊसतोड मजूरही त्यात जखमी झाला. गावकऱ्यांनी दोघांना एकाच जीपमध्ये घालून कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात आणले. मी मामीला घेऊन पोहोचलो, तेव्हा दोघांचे स्ट्रेचर अपघात विभागात शेजारी शेजारी लावलेले होते.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासले होते, हे मी आधीच सांगतो. अडले ते खिडकीपाशी. मामांच्या डोक्याचा सीटी स्कॅन करायचा होता आणि त्यासाठी आधी पन्नास हजार रुपये डिपॉझिट भरायला सांगण्यात आले. मामीने कमरेची पिशवी सोडून घड्या पडलेल्या नोटा काढल्या आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर दोनदा मोजल्या. तीन हजार चारशे रुपये निघाले. "एवढंच हायत रं बाळा," असे ती मला म्हणाली. आतल्या माणसाने नोटांना हातही न लावता त्या परत सरकवल्या.

मग मी ओळखीच्या एका माणसाला फोन केला. त्याने आणखी कोणाला तरी केला. दहा मिनिटांत खिडकीवरचा फोन वाजला आणि एक रुपयाही न भरता, केवळ माझ्या सहीवर, मामांना स्कॅनसाठी आत नेण्यात आले. शेजारच्या स्ट्रेचरवरच्या मजुरासाठी फोन करणारे कोणी नव्हते. तो बीड जिल्ह्यातला होता, सोबत त्याच्याच वयाचा एक जोडीदार होता आणि मुकादम फोन उचलत नव्हता. त्याच्या मांडीला खपाटीचा तुकडा बांधून "थोरल्या दवाखान्यात न्या", म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या, असे सांगण्यात आले. जोडीदाराने १०८ ला फोन लावला आणि दोघे दारात वाट बघत थांबले.

मांडीचे हाड मोडले तर आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकते, हे मला नंतर एका डॉक्टर मित्राकडून कळले. त्या रात्री आधी कोणाला हात लागायला हवा होता, हे मी ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. प्रकृती किती गंभीर आहे हे पाहून क्रम लावणे, हाच अपघात विभागाचा एकमेव न्याय्य नियम आहे. त्या रात्री मात्र क्रम माझ्या फोनने लावला. मामा वाचले याचा आनंद मला आहेच, पण ज्याला आपण 'ओळखीने काम झाले' म्हणतो, त्यात दुसऱ्या कोणाचे तरी काम अडते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले की, जखमी माणसाचा जीव वाचवण्याचे कर्तव्य सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरवर आहे. मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलमही कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता अपघातग्रस्तावर उपचार करायला सांगते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्ण हक्क सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. मे २०२५ पासून तर केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस योजना लागू आहे आणि तिच्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार खर्च मिळतो. खिडकीवरच्या माणसाने यातला एक शब्दही आम्हाला सांगितला नाही, आणि रक्ताने माखलेल्या माणसाच्या नातेवाइकाने त्या वेळी कलमे आठवावीत, अशी अपेक्षा कोणी करू नये.

बिलाबद्दलही थोडे लिहितो. चौथ्या दिवशी हातात आलेल्या कागदावर 'इमर्जन्सी चार्ज', 'मॉनिटर चार्ज' आणि 'कन्झ्युमेबल्स' अशा तीन वेगळ्या ओळी होत्या. हातमोज्यांच्या किती जोड्या लागल्या, असे मी विचारले, तेव्हा "पॅकेजमध्ये येतं" असे उत्तर मिळाले. पॅकेजमध्ये येत असेल तर त्याची वेगळी ओळ कशासाठी, याचे उत्तर मिळाले नाही. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील ४ खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता. भाजी घेताना आपण दर विचारतो, सोने घेताना घडणावळ विचारतो. इथे मात्र विचारायची सवड नसते आणि नेमक्या त्याच सवडीअभावी ही किंमत वाढत जाते.

रुग्णालयांची बाजू मला मान्य आहे. रात्रभर डॉक्टर, परिचारिका आणि व्हेंटिलेटर तयार ठेवायला पैसा लागतो, आणि बिल न भरता निघून जाणारेही असतात. म्हणूनच पहिल्या काही तासांचा खर्च शासनाने उचलावा, तो रुग्णालयांना वेळेवर द्यावा आणि त्या बदल्यात अपघात विभागातून ही खिडकीच हटवावी, असे माझे ठाम मत आहे. सगळा भार सीपीआरवर ढकलून हा प्रश्न सुटणार नाही. तिथे आधीच जिल्ह्याबरोबर कोकणातून आणि सीमाभागातून रुग्ण येतात.

मामा घरी आल्यावर मी त्या रुग्णालयात पुन्हा गेलो. दरपत्रक होते, पण ते जिन्याखाली, पाण्याच्या मशीनमागे लावलेले होते. त्याचा फोटो, बिलाची प्रत आणि त्या रात्रीची हकीकत जोडून मी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार दिली आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. तक्रारीत मी दोन रुग्णांचा उल्लेख केला आहे. पहिल्याचे नाव, पत्ता, वय सगळे लिहिता आले. दुसऱ्यासमोर 'ऊसतोड मजूर, बीड जिल्हा, वय अंदाजे २५' एवढेच लिहावे लागले.