किंचाळीसुद्धा तिची नव्हती

आमच्या घरच्या ग्रुपवर ‘ड्रॅक्युलाच्या शापित नट्या’ हा मेसेज येऊन पडलाय. म्हणणं असं, की ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या रक्तपिपासू पिशाचांच्या सिनेमांतल्या नट्यांना किंचाळण्यापलीकडे काही येत नव्हतं, त्यांना फक्त रूपावर घेतलं, पुढे एकीचंही करिअर झालं नाही आणि शाप लागला तो वेगळाच. माझ्या भाचीला नुकतंच एका भयपटात काम मिळालंय. तिच्या वडिलांनी तिला हा मेसेज ‘नीट विचार कर’ असं लिहून पाठवला, म्हणून हा खटाटोप. एरवी फॉरवर्डच्या नादी कोण लागतं?

‘किंचाळण्यापलीकडे काही येत नव्हतं.’ लिहिणाऱ्याने यातला एकही सिनेमा पाहिलेला दिसत नाही. १९६६ चा ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’ घ्या. ख्रिस्तोफर ली यात ड्रॅक्युला आहे, पण अख्ख्या सिनेमात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. नुसता फिस्कारतो. सिनेमा पेललाय बार्बरा शेलीने. तिची हेलन म्हणजे केस घट्ट बांधलेली, शिस्तीची, प्रवासभर कुरकुरणारी बाई. ड्रॅक्युलाच्या गढीत जायला नको, असं ती परोपरीने सांगते आणि कोणी ऐकत नाही. ड्रॅक्युला चावल्यावर तीच बाई केस मोकळे सोडून गोड हसत जावेला जवळ बोलावते, तेव्हा अंगावर काटा येतो. पुढे मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरतात आणि छातीत खुंटा ठोकतात. त्या वेळची तिची तडफड बघा आणि मग ‘अभिनय शून्य’ म्हणा. याच सिनेमाच्या चित्रीकरणात तिने एकदा चुकून नकली सुळा गिळला. दुसरा नव्हता, म्हणून मिठाचं पाणी पिऊन ओकून काढला!

आणि ज्या किंचाळीवरून एवढं रामायण, ती तरी तिची होती का? नव्हती. त्या सिनेमात तिच्या तोंडची किंचाळी सहनटी सुझन फार्मरची आहे. पुढे या दोघी, ली आणि सहनट फ्रान्सिस मॅथ्यूज यांनी एकत्र बसून सिनेमा बघत केलेली कॉमेंट्री डीव्हीडीवर आहे. फॉरवर्ड करण्याआधी तेवढी ऐकायची होती. शेली सत्तरच्या दशकात रॉयल शेक्सपिअर कंपनी या ब्रिटनच्या नामवंत नाट्यसंस्थेत होती. किंचाळायला घेतलं असेल बहुधा.

रूपाचं म्हणाल, तर १९६० च्या ‘ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’मध्ये मार्टिटा हंट साठीला टेकलेली होती. पोटच्या पोराला साखळीने बांधून ठेवणारी आई ती. स्वतः पिशाच झाल्यावर लाजेने सुळे झाकून घेते, तो प्रसंग विसरता येत नाही. हॅमरचीच दुसरी नटी इन्ग्रिड पिट, तिचं बालपण श्टुटहोफच्या नाझी छळछावणीत गेलं. पुढे बर्लिनच्या रंगभूमीवर काम करून ती इथवर आली. तिला ‘नुसती सुंदर’ म्हणणाऱ्याने जरा जपून बोलावं.

हां, एक मान्य करावं लागेल. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये ‘एक्स’ प्रमाणपत्राचे, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचे सिनेमे बघायचं वय १६ वरून १८ झालं आणि हॅमरने नग्नता वाढवली. त्या काळात काहींना खरोखरच शरीरासाठी घेतलं. ‘काउंटेस ड्रॅक्युला’मध्ये तर पिटचा आवाजही दुसरीचा. पण हा दोष निर्मात्यांचा, नट्यांचा कसा?

करिअर झालं नाही? १९७३ च्या ‘सॅटॅनिक राइट्स ऑफ ड्रॅक्युला’मधली जोआना लमली, जन्म श्रीनगरचा, पुढे ‘अ‍ॅब्सोल्युटली फॅब्युलस’ या विनोदी टीव्ही मालिकेमुळे घराघरात पोहोचली, गुरखा सैनिकांच्या हक्कांसाठी सरकारशी भांडली आणि २०२२ मध्ये ‘डेम’ हा ब्रिटनचा मानाचा किताब मिळवला. हॅमरच्याच स्टेफनी बीचम आणि केट ओमारा ‘डायनॅस्टी’ या अमेरिकन मालिकेत गेल्या. कॅरोलिन मन्रो आणि मॅडलिन स्मिथ बाँडपटांत दिसल्या. व्हॅलरी गाँट दोन सिनेमे करून थांबली हे खरं, पण ते दोन्ही जोरात चालले होते.

राहिला शाप. शेली २०२१ मध्ये वारली, ८८ व्या वर्षी. मेसेजमध्ये शापाखाली ना कुणाचं नाव आहे ना साल, नुसत्या तीन कवट्या. भाचीला म्हटलं, करार नीट वाच, पैसे कधी मिळणार ते विचार आणि तारखा देऊन टाक.