काळा जांभळा आणि पांढरा हिरवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण तिच्यात कामाची माहिती भरपूर आहे. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेस्कटॉपच्या स्क्रीनवरचे रंग बिघडले तर काय करावं, या लेखात मी एक क्रम दिला होता. आधी स्क्रीनशॉट काढून तो दुसऱ्या उपकरणावर बघा, मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडून बघा, मग संगणक सुरू होतानाचा पहिला पडदा बघा, आणि ड्रायव्हरला (म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) हात सगळ्यात शेवटी लावा. त्यावर तुम्ही लिहिलंत:

"स्क्रीनशॉट मोबाइलवर स्वच्छ दिसला, म्हणजे तुमच्या हिशेबाने केबल खराब. नवी एचडीएमआय केबल आणली. काळ्या जागी जांभळट आणि पांढऱ्या जागी हिरवट, जसंच्या तसं. शेवटी भावाने ड्रायव्हर काढून नवा टाकला आणि सगळं ठीक झालं. मग हे पुराण कशाला? सरळ ड्रायव्हर बदला म्हणायचं!"

शिवाय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जायला सांगणं सामान्य माणसाला झेपणारं नाही, व्हीजीए ही मॉनिटरची जुनी जोडणी आता कोणी वापरत नाही, आणि फोटोंच्या ॲपमधला पांढरा अजूनही पिवळट दिसतो, असे तीन मुद्दे आहेत. एकेक घेतो.

स्क्रीनशॉटचा अर्थ काय, हे आधी. चित्र ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत तयार होतं आणि स्क्रीनशॉट तिथून उचलला जातो. तिथून पुढे चित्राला बराच प्रवास असतो. कार्ड त्यावर गॅमाचं (उजेडाच्या पातळ्या जुळवण्याचं) कोष्टक लावतं, पिक्सेलचा फॉरमॅट ठरवतं, मग पोर्ट, मग केबल, मग मॉनिटरमधला स्केलर (आलेलं चित्र पॅनलच्या मापात बसवणारी चिप), मग पॅनल आणि त्याच्या मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला याचा अर्थ इतकाच की मेमरीत चित्र बरोबर होतं. दोष त्यापुढे कुठेतरी आहे. या 'कुठेतरी'त केबल येते, तसं कार्डाचं बाहेर पाठवण्याचं कामही येतं, आणि ते काम ड्रायव्हरच्या सेटिंगवर चालतं. लेखात "दोष पुढच्या टप्प्यात" असं होतं. त्यातून तुम्ही केबल उचललीत, कारण पुढच्या टप्प्यातली डोळ्यांना दिसणारी वस्तू तीच.

(जाता जाता: पुष्कळ जण स्क्रीनशॉट काढून त्याच स्क्रीनवर बघतात आणि "यातही रंग बिघडलेलेच दिसतायत" म्हणतात. बिघडलेल्या स्क्रीनवर काहीही उघडलं तरी ते बिघडलेलंच दिसणार. तुम्ही मोबाइलवर बघितलंत, तेच बरोबर.)

आता तुमचं खरं लक्षण. तुम्ही "काळ्या जागी जांभळट, पांढऱ्या जागी हिरवट" असं लिहिलंत आणि तिथेच अर्धं निदान होऊन गेलं. रंग बिघडले की लोक पांढऱ्याकडे बघतात. मी म्हणतो, आधी काळ्याकडे बघा. नाईट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी विंडोजची सोय) चालू राहिला, मॉनिटरच्या मेनूत लाल-हिरव्या-निळ्याचं प्रमाण कोणी हलवलं किंवा एखाद्या रंगाची तारच तुटली, तर पांढऱ्यावर छटा चढते, पण काळा काळाच राहतो. जिथे प्रकाशच नाही तिथे कमी-जास्त काय होणार? काळाच रंगीत झाला, तर बहुतेक वेळा कार्ड एका भाषेत बोलतंय आणि मॉनिटर दुसऱ्या भाषेत ऐकतोय.

एचडीएमआयवरून चित्र दोन प्रकारे जाऊ शकतं. एक आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे. दुसरं वायसीबीसीआर, म्हणजे एक आकडा उजेडाचा आणि दोन आकडे रंगाच्या फरकाचे. तारा त्याच असतात. आरजीबीमध्ये ज्या वाहिनीवर हिरवा जातो, तिथे वायसीबीसीआरमध्ये उजेड जातो. लाल आणि निळ्याच्या वाहिन्यांवर रंगफरकाचे आकडे जातात. रंगफरकाचा आकडा 'काहीच फरक नाही' हे सांगायला शून्य नाही, १२८ पाठवतो. आता कार्डाने वायसीबीसीआर पाठवलं आणि मॉनिटरने ते आरजीबी समजून दाखवलं, तर काळ्या पिक्सेलचं काय होईल? उजेड १६ (वायसीबीसीआरमध्ये काळा शून्यावर नाही, १६वर असतो), रंगफरक १२८ आणि १२८. मॉनिटर वाचणार लाल १२८, हिरवा १६, निळा १२८. झाला गडद जांभळा. पांढऱ्याचा उजेड २३५, म्हणून लाल १२८, हिरवा २३५, निळा १२८. झाला फिकट हिरवा. तुम्ही वर्णन केलंत ते हेच.

यातली गंमत म्हणजे मधला करडा करडाच दिसतो, कारण तिथे तिन्ही आकडे १२८च्या आसपास येतात. भडक लाल थोडा गुलाबीकडे झुकला तरी लालच वाटतो. निळा निळसर राहतो, हिरवा हिरवाच. म्हणून रंगीबेरंगी वॉलपेपरवर माणूस गोंधळतो: सगळं बिघडलंय असंही वाटत नाही आणि बरोबर आहे असंही नाही. पेंट उघडून काळा, करडा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे सहा चौकोन शेजारी शेजारी रंगवा आणि बघा, हा घोटाळा लपूच शकत नाही. उलटा घोटाळाही होतो. कार्ड आरजीबी पाठवतंय आणि मॉनिटर त्याला वायसीबीसीआर समजतोय, तर काळा हिरवा होतो आणि पांढरा गुलाबी. काही मॉनिटरच्या मेनूत 'इनपुट कलर फॉरमॅट' नावाचा पर्याय असतो, त्यात आरजीबी आणि वाययूव्ही किंवा वायपीबीपीआर (इथे अर्थ वायसीबीसीआरच) असं लिहिलेलं असतं. कोणी बटणं दाबता दाबता तो बदलला की हे होतं.

म्हणजे तुमच्या भावाने केलं काय? ड्रायव्हर समूळ काढल्यावर त्या मॉनिटरसाठी साठवून ठेवलेलं सेटिंग पुसलं गेलं, नव्या ड्रायव्हरने आरजीबी धरलं आणि दोघांचं जमलं. ड्रायव्हरची फाइल खराब असण्याची गरजच नव्हती. नव्या केबलने फरक का पडला नाही, तेही यातच आलं. केबल निमूटपणे आकडे पोचवत होती, जुनीही आणि नवीही. डिजिटल केबल खराब असेल तर चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात, स्क्रीन मधूनच काळी होते किंवा चित्रच येत नाही. सगळ्या स्क्रीनवर एकसारखी, स्थिर छटा चढली असेल तर एचडीएमआयच्या केबलवर माझा संशय सगळ्यात शेवटी जाईल.

हेच काम ड्रायव्हर न काढता, दोन क्लिकमध्ये होतं. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'च्या पानावर खाली 'आउटपुट कलर फॉरमॅट' असतं, तिथे आरजीबी निवडायचं. त्याच्या शेजारी 'आउटपुट डायनॅमिक रेंज' असते, ती 'फुल' ठेवायची. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर 'पिक्सेल फॉरमॅट' असतं, तिथे फुल आरजीबी. रेंज चुकली तर जांभळा-हिरवा होत नाही. कार्ड १६ ते २३५ पाठवतं आणि मॉनिटर ० ते २५५ची वाट बघतो, त्यामुळे काळा राखाडी दिसतो आणि सगळं चित्र पाण्याने धुतल्यासारखं होतं. तेही काळ्यावरच ओळखू येतं.

आता "सरळ ड्रायव्हर बदला" याबद्दल. तुमच्याकडे तो उपाय लागू पडला, पण का पडला हे माहीत नसेल तर पुढच्या वेळी तो अंदाजपंचे दाहोदरसेच राहणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार मी रंगांच्या बाबतीत सारखा बघतो. बॅकलाइट जुना होऊन पिवळा पडलाय आणि माणूस ड्रायव्हर बदलतोय. पॅनल बसल्या जागेवरून तिरकं दिसतंय म्हणून रंग उलटे होतायत (टीएन नावाच्या स्वस्त प्रकारचं पॅनल खालून बघितलं की असंच होतं) आणि माणूस ड्रायव्हर बदलतोय. ड्रायव्हर काढला की दोषाबरोबर त्याच्या खुणाही जातात. चित्र सुधारलं तर नेमकं काय बदललं ते कळत नाही, आणि नाही सुधारलं तर आधीचं सेटिंग काय होतं ते आठवत नाही. काहीतरी चटकन करून बघायचंच असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर जाते, बीप वाजतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. काही काढावं लागत नाही, काही पुसलं जात नाही.

मॉनिटरच्या मेनूबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि माझ्या क्रमातली सगळ्यात फुकट आणि सगळ्यात बोलकी पायरी तीच होती. मॉनिटरचं बटण दाबून जो मेनू येतो, तो मॉनिटरच्या आतच तयार होतो, केबलमधून येत नाही. मागे चित्र जांभळं आणि मेनूतला पांढरा मजकूर पांढराशुभ्र, म्हणजे पॅनल आणि बॅकलाइट दोन्ही निर्दोष. मेनूही रंगलेला असेल तर संगणकाला दोष देणं थांबवा आणि मेनूतलं 'फॅक्टरी रीसेट' करून बघा. ही पायरी केली असतीत तर पॅनल आणि बॅकलाइट संशयातून बाहेर पडले असते, आणि केबल आणायच्या आधी कार्डाची सेटिंग बघायचं सुचलं असतं.

बायोसचं म्हणाल तर तिथे काही बदलायचं नाहीच, नुसतं बघायचं आहे. आत जायचीही गरज नाही. संगणक सुरू केल्यावर कंपनीचं बोधचिन्ह येतं, तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर अजून जागा झालेला नसतो. तेव्हाही रंग बिघडलेले असतील तर विंडोजमध्ये काहीही उचकटून उपयोग नाही. बोधचिन्ह ठीक आणि विंडोज आल्यावर बिघाड, तर दोष ड्रायव्हर, सेटिंग किंवा रंगांच्या प्रोफाइलमध्ये (मॉनिटर रंग कसे दाखवतो ते सांगणाऱ्या फाइलमध्ये). सुरुवातीपासूनच चौकटी, रंगीत ठिपके, उभ्या रेघा दिसत असतील आणि त्या गेम खेळताना वाढत असतील, तर कार्डाची मेमरी किंवा तापमान. त्याला ड्रायव्हर काय करणार?

व्हीजीए कोणी वापरत नाही हे मात्र मला मान्य नाही. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आलेली ती पंधरा पिनांची जोडणी अजून जुन्या मॉनिटरना आणि प्रोजेक्टरना लावलेली दिसते. तिथे लाल, हिरवा आणि निळा यांची स्वतंत्र पिन असते: पहिली, दुसरी, तिसरी. लालची जोडणी सुटली की पांढरा निळसर-हिरवा दिसतो, हिरव्याची सुटली की किरमिजी, निळ्याची सुटली की पिवळा. काळा तिन्ही वेळा काळाच. केबल हलवली की रंग येतो-जातो, तिथे तर विचारायलाच नको. फक्त प्लग काढून बघताना नववी पिन नाही म्हणून घाबरू नका. पुष्कळ केबलमध्ये ती मुळातच बसवलेली नसते.

शेवटी फोटोंच्या ॲपमधला पिवळट पांढरा. ब्राउझरमध्ये आणि डेस्कटॉपवर पांढरा ठीक दिसतो असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे नाईट लाइट, केबल, मॉनिटर हे सगळे सुटले. ते असते तर छटा सगळीकडे दिसली असती. एकाच ॲपमध्ये दिसते, म्हणजे ते ॲप रंगांचं प्रोफाइल वाचतंय आणि ते प्रोफाइल चुकीचं आहे. मॉनिटर बनवणाऱ्यांची प्रोफाइलं कधी कधी विंडोज अपडेटबरोबर आपोआप येऊन बसतात आणि त्यातून नेमका हा पिवळेपणा येतो. स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' शोधा, यादीतून तुमचा मॉनिटर निवडा, 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर खूण करा, 'ॲड' दाबून एसआरजीबीचं (नेहमीच्या मॉनिटरसाठीच्या प्रमाण रंगांचं) प्रोफाइल घ्या आणि ते डिफॉल्ट करा. आधीचं प्रोफाइल लगेच उडवू नका, त्याचं नाव लिहून ठेवा. मग फोटोंचं ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर यादीत कोणता कुठला हे 'आयडेंटिफाय मॉनिटर्स' बटणाने आधी बघून घ्या, नाहीतर प्रोफाइल एकाचं बदलाल आणि पिवळा दुसऱ्यावर बघत बसाल.