वायरीच्या धुरात "आता काही नसतं" म्हणणाऱ्यांसाठी

परवा आत्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. २००६ पासून जगभर कॉम्प्युटरमधलं विषारी प्लास्टिक बंद झालं, आता सगळं मक्यापासून बनतं, जुना कीबोर्ड मातीत पुरला की सहा महिन्यांत खत होतं आणि वायरी जाळून तांबं काढलं तरी "आता त्या धुरात काही नसतं". एरवी मी असले मेसेज उघडतही नाही, पण खाली दादाने, म्हणजे माझ्या आतेभावाने लिहिलं, "बघा, मी म्हणतच होतो." दादाचं रिपेअरिंगचं दुकान आहे, बाद वायरी तो दुकानामागे पत्र्याच्या डब्यात जाळतो आणि शाळा सुटल्यावर त्याची मुलगी, म्हणजे माझी नऊ वर्षांची भाची तिथेच बसून अभ्यास करते. म्हणून हे लिहितेय.

धुराचं आधी. वायरीवरचं कव्हर बहुतेक पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं असतं आणि पीव्हीसीच्या वजनात साधारण ५७ टक्के क्लोरीन असतं. ते जाळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. हे निदान कळतं तरी. कळत नाही ते डायॉक्सिन, म्हणजे अशा जळण्यातून तयार होणारं अतिशय विषारी रसायन, आणि वायरीतलं तांबंच ते तयार व्हायला मदत करतं, म्हणजे क्लोरीन, तांबं आणि धुमसत राहिलेली अर्धवट आग, डायॉक्सिनला जे जे लागतं ते सगळं त्या एका डब्यात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शरीरात गेलेलं डायॉक्सिन नुसतं निम्मं व्हायलाच ७ ते ११ वर्षं लागतात. ते चरबीत साठतं, आईच्या दुधातून बाळाला जातं, आणि त्यातला सगळ्यात घातक प्रकार १९९७ पासून माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. आज पोरीच्या अंगात जे जाईल त्यातलं निम्मं ती कॉलेजात जाईल तेव्हाही आत असेल. जुन्या वायरींच्या पीव्हीसीत शिसंही असतं, ते वेगळंच.

आता "२००६ पासून बंद". यात थोडं खरं आहे, मान्य करते. १ जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरचे रोह्स नियम लागू झाले, त्यात शिसं, पारा, कॅडमियम वगैरेंसोबत आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालतात त्या ब्रोमीनच्या रसायनांपैकी दोन प्रकारांवर मर्यादा आली. पण पीव्हीसी त्या यादीत नव्हतं आणि आजही नाही! आपल्याकडे तशी मर्यादा २०१४ च्या मे महिन्यात आली. आणि दादाकडे भंगारात येतो तो माल कधीचा असतो हे त्यानेच सांगावं.

काही कंपन्यांनी खरंच बदल केला, हेही खरं. ॲपलने २००७ मध्ये पीव्हीसी काढून टाकायचं जाहीर केलं आणि पुढे बऱ्याच केबलींना दुसरं मटेरियल वापरलं. पण त्यांच्याच पर्यावरणाच्या माहितीत वर्षानुवर्षं एक तळटीप होती की पीव्हीसी नसलेली पॉवर कॉर्ड भारत, दक्षिण कोरिया असे मोजके देश सोडून मिळते. म्हणजे ज्या कंपनीचं उदाहरण सगळे देतात तिचीसुद्धा भिंतीत खुपसायची वायर आपल्याकडे पीव्हीसीचीच येत होती, मग असेम्बल्ड पीसीसोबत येणाऱ्या बिननावाच्या वायरीची काय खात्री?

मक्याचं म्हणाल तर फुजित्सू या जपानी कंपनीने २००५ च्या सुमारास लॅपटॉपच्या बॉडीत मक्यापासूनचं पीएलए नावाचं प्लास्टिक वापरलं होतं, पण ते नुसतं ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं म्हणून पेट्रोलियमच्या प्लास्टिकमध्ये मिसळावं लागलं. शुद्ध पीएलएसुद्धा कारखान्यातल्या गरम कंपोस्टमध्ये कुजतं, कुंडीत नाही. आणि तुमच्या घरातला कीबोर्ड बहुतेक एबीएस नावाच्या पेट्रोलियमच्याच प्लास्टिकचा आहे, पुराल तसाच राहील.

दादा, वायर सोलायचं यंत्र मिळतं, आणि सोललेल्या लखलखीत तांब्याला जळक्या काळ्या तांब्यापेक्षा भाव जास्त मिळतो हे तुला माझ्याहून जास्त माहितीये. बोर्ड आणि बाकीचा माल अधिकृत रिसायकलरला दे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्यांची यादी असते. रविवारी मी दुकानावर येतेय, साठलेल्या वायरी दोघं मिळून सोलू. तोपर्यंत तो डबा पेटवू नकोस, आणि आत्या, तो मेसेज ग्रुपवरून काढ.