सात तिकिटे आणि चार अंगठे

काल रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या साडूंनी ‘फुलांची दरी – नक्की’ या ग्रुपवर अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत टाकली. तीत डोंगराचा अख्खा कडा धुरळ्यासकट रस्त्यावर कोसळतो, कोणीतरी ‘पीछे, पीछे’ म्हणून ओरडते आणि चित्र हलू लागते. खाली साडूंनी ‘जपून’ एवढाच शब्द लिहिला होता आणि त्यापुढे दोन जोडलेले हात. वीस मिनिटांनी त्यांचा दुसरा संदेश आला, ‘मला वाटते यंदा राहू द्यावे.’ सकाळी सहाला उठून मी पाहतो, तर त्या संदेशाखाली रातोरात चार अंगठे उगवलेले होते. एक मेहुणीचा, म्हणजे त्याच घरातून, बहुधा त्याच पलंगावरून. दोन माझ्या मित्रांचे. आणि चौथा खुद्द साडूंचा, स्वतःच्याच संदेशाला दिलेला.

नकाराबद्दल माझी तक्रार नाही. माणसाला भीती वाटते, गुडघा दुखतो, पैशांची ओढाताण असते, हे सगळे मला समजते. मात्र उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीसाठी पाच महिने चाललेल्या तयारीला, मिळालेल्या सात पक्क्या तिकिटांना आणि दरीच्या पायथ्याच्या घांघरिया गावातल्या आगाऊ पैसे भरलेल्या तीन खोल्यांना उत्तर म्हणून पिवळा अंगठा देणारा माणूस नेमका काय म्हणतो आहे, हे मला कोणी सांगेल का? दोन शब्द टंकण्याचेही कष्ट ज्यांना सोसवत नाहीत, ते जीपचा रस्ता संपतो त्या पुलनापासून घांघरियापर्यंतचा दहा किलोमीटरचा चढ कसे चढणार होते? माझ्या आजोबांच्या काळी अंगठा उमटवणारा माणूस निदान कागदाला बांधील राहत असे. अंगठा दाखवणे या वाक्प्रचाराचा अर्थ आमच्या मंडळींनी मात्र शब्दशः अमलात आणला आहे.

ती चित्रफीत मी आज सकाळपासून अकरा वेळा पाहिली. ती लांबगडची आहे, आणि ती गेल्या पावसाळ्यातली आहे. लांबगड गोविंदघाटाच्या पुढे, बद्रीनाथच्या वाटेवर लागते. आम्हाला बद्रीनाथला जायचेच नाही. आम्हाला गोविंदघाटालाच अलकनंदेवरचा पूल ओलांडून पुलनाची जीप पकडायची आहे. म्हणजे ज्या दरडीला घाबरून साडूंनी सहल बुडवली, ती दरड आमच्या वाटेवर पडूच शकत नाही. हे मी नकाशासह, लाल बाण काढून, सकाळी सहा चाळीसला ग्रुपवर टाकले. त्यालाही एक अंगठा आला. कोणाचा ते मी पाहिले नाही.

फेब्रुवारीत ठरवायला बसलो तेव्हाही या लोकांनी असेच छळले होते. राष्ट्रीय उद्यानाचे फाटक १ जूनला उघडते म्हणून एकाला जूनमध्येच जायचे होते, कारण मुलांची सुट्टी. जूनमध्ये तिथे बर्फ वितळत असतो आणि फुलांच्या नावाने फारसे काही नसते, हे त्याला समजावण्यात एक रविवार गेला. दुसऱ्याला सप्टेंबर हवा होता, पण त्याला गणपतीला गावी कोकणात जायचे होते, म्हणजे त्याला प्रत्यक्षात सप्टेंबरही नको होता. बहर असतो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्या चार आठवड्यांतही कावडयात्रा चालू असताना हरिद्वारच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही, आणि ती यात्रा ज्या महिन्यात चालते तो उत्तरेकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ते मी पंचांग उघडून शोधले. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या की अर्धा देश तिकडे निघतो. एवढे सगळे वजा करून हातात आठ दिवस उरले, तर माझे साहेब म्हणाले, ‘नेमके त्याच आठवड्यात?’ जणू फुलांना उशिरा उमलण्याची विनंती मी करू शकत होतो.

या सगळ्या काळात ग्रुपवर ‘बघू’ हा शब्द एकेचाळीस वेळा आला आहे. मी मोजला आहे. ‘जमवू’ सतरा वेळा. ‘संध्याकाळी कळवतो’ हे नऊ वेळा, आणि त्या नऊपैकी एकही संध्याकाळ अद्याप झालेली नाही.

तिकिटांची सकाळ तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पूर्वी रेल्वेचे आरक्षण एकशेवीस दिवस आधी मिळत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आणले, म्हणजे जो गळा चार महिने अडकून राहायचा तो आता दोनच महिने अडकतो, एवढीच सुधारणा. सकाळी आठला खिडकी उघडते, आणि आठ वाजून दोन मिनिटांनी माणूस प्रतीक्षा यादीत एकशेतिसावा असतो. पुणे ते दिल्ली आणि दिल्ली ते हरिद्वार, जाण्याची आणि येण्याची, अशी चार आरक्षणे मी वेगवेगळ्या सकाळी, दोन फोन आणि एक लॅपटॉप मांडून केली. आदल्या रात्री मी सगळ्यांकडे नाव, वय आणि ओळखपत्र मागितले होते. एका मित्राने आधारकार्डाचा फोटो पाठवला, आणि त्यात जन्मतारखेवर त्याचा अंगठा होता. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

ज्या खोल्यांचे मी वर म्हटले, त्यांच्या मालकाशी बोलणे ही आणखी एक तपश्चर्या होती. फोन लागायचा तो गोविंदघाटातल्या त्याच्या भावाला. भाऊ म्हणायचा, वर माणूस गेला की निरोप देतो. गरम पाणी बादलीवर मिळेल, बादलीचे पैसे वेगळे. यावर मेहुणीने विचारले, गीझर नाही का? नाही. त्यानंतर साडूंनी विचारले, गाडी थेट दरीपर्यंत जाते का? नाही. मग दरीतच तंबू ठोकून राहता येते का? नाही, तिथे मुक्कामाला बंदी आहे, संध्याकाळच्या आत बाहेर पडावे लागते. खेचर? घांघरियापर्यंत आणि वरच्या हेमकुंड साहिब गुरुद्वाराला मिळते, दरीत मिळत नाही. मग शुद्ध शाकाहारी जेवण मिळते का, असा प्रश्न ज्या माणसाने केला, त्याला मी गुरुद्वाराच्या लंगराबद्दल दोन परिच्छेद लिहिले. त्याने ते वाचले नाहीत, कारण तोच प्रश्न त्याने मे महिन्यात पुन्हा विचारला.

आणि मग ते वाक्य, जे मला अपेक्षित होते आणि जे आज सकाळी साडेनऊला आलेच. ‘फुलेच पाहायची तर आपले कास काय वाईट आहे?’

कास वाईट नाही. कासला मी कधीही कमी लेखणार नाही. त्यालाही २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आहे, आणि टोपली कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा पठाराचा रंग पाहून माणूस गप्प होतो. पण साडूसाहेब, गेल्या वर्षी कासचेही मीच ठरवले होते. दिवसाला तीन हजार माणसांचीच सोय म्हणून ऑनलाइन नोंदणीही मीच केली होती, आणि ‘पाऊस दिसतोय’ म्हणून कात्रजलाच गाडी वळवणारे आपणच होतात. सातारा आपल्याला झेपला नाही, तेव्हा आता कासचे नाव घेऊ नका. फुलांची दरी सत्त्याऐंशी चौरस किलोमीटरांहून थोडी मोठी आहे, १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथे ऑगस्टात जे माणसाच्या कमरेएवढे गुलाबी रान माजते ते आपल्या तेरड्याच्याच कुळातले आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस. आपल्या मंडळींच्या उत्साहाला मी उगाच वर्षभराचा समजत होतो.

ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून उतरताना, खराब हवेत, काहीही न ठरवता या दरीत येऊन पोचला. त्याच्या सोबत्यांना आदल्या रात्री कोणी चित्रफीत पाठवली नव्हती.

आता थोडे खरे बोलतो, कारण दुपार झाली आहे, चहा घेतला आहे, आणि आवाज जरा खाली आला आहे. लांबगड आमच्या वाटेवर नाही हे खरे. पण सिरोबगड आहे. गढवालमधले श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या मधला हा टप्पा वर्षानुवर्षे पावसाळ्यात ढासळतो आणि रस्ता तासन्‌तास बंद पाडतो. हे नाव मी पाच महिन्यांत ग्रुपवर एकदाही उच्चारले नाही. फुलेही पावसाची आणि दरडीही पावसाच्याच, त्यामुळे बहर पाहायचा तर घाटातला रस्ता सर्वांत वाईट असतो तेव्हाच जावे लागते, हेही मी कोणाला सांगितले नाही. जोशीमठच्या घरांना २०२३ च्या जानेवारीत भेगा पडल्या तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवले होते. मी तक्त्यात त्या मुक्कामाचे नाव ‘ज्योतिर्मठ’ असे नवे, सरकारी लिहिले, म्हणजे कोणाला चटकन आठवू नये. तक्त्याच्या चौथ्या पानावर ‘प्रेक्षणीय स्थळे’ या रकान्यात मी जोन लेग यांच्या समाधीचा उल्लेख केला आहे. त्या फुलांचे नमुने गोळा करायला आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, एवढे लिहिले. १९३९ मध्ये त्याच दरीत खडकावरून पाय घसरून त्या गेल्या, हे लिहायला जागा उरली नाही.

होय, तक्ता. त्याला सहा पाने आहेत. एकात फक्त मोज्यांचा हिशेब आहे. बायकोने काल तो पाहिला आणि शांतपणे म्हणाली, ‘तुला दरीत जायचेच नाहीये, तुला दरीचे वेळापत्रक करायचे आहे.’ मी तिला रागाने उत्तर देणार होतो, पण मला २०१९ आठवले. त्या वर्षी सगळे जमले होते, आणि जायच्या दहा दिवस आधी मीच कच खाल्ली होती. कारण कार्यालयातले काम असे सांगितले. खरे तर एका सहकाऱ्याने मला रस्ता खचल्याची चित्रफीत पाठवली होती. साडूंना हे माहीत नाही, आणि कळता कामा नये.

डगमगली नाही ती एकटी मावशी. तिचे वय सहासष्ट. जानेवारीपासून रोज सकाळी पर्वती चढते, कारण तिला हेमकुंड करायचे आहे, म्हणजे घांघरियापासून सहा किलोमीटरचा चढ आणि चार हजार तीनशे मीटरांच्या आसपासची उंची. तिथे तिला ब्रह्मकमळ खरोखरच्या खडकात फुललेले पाहायचे आहे, शेजारच्या कुंडीतले नव्हे. शेजारचे ब्रह्मकमळ हे मुळात निवडुंगाच्या जातीचे असते, हे तिने शेजाऱ्यांना सांगून त्यांच्याशी वैरही पत्करले आहे. तिने रात्रीची चित्रफीत पाहिलीच नाही, ती नऊला झोपते. सकाळी मी फोन केला आणि चौघे गळाल्याचे सांगितले, तर म्हणाली, ‘बरे झाले, खिडकीची जागा मला मिळेल.’ यात्रेच्या नोंदणीचा ओटीपी मात्र तिच्या जुन्या फोनवर जातो आणि तो फोन नातवाकडे नागपूरला आहे, त्यामुळे ते काम अजून अडलेले आहे.

चार तिकिटे रद्द करायला मी आत्ता बसलोच होतो, तेवढ्यात साडूंचा संदेश आला. या वेळी अंगठा नव्हता, पूर्ण वाक्ये होती, विरामचिन्हांसह. तिकिटाचे पैसे किती दिवसांत परत मिळतात, रद्द करण्याचे किती कापले जातात, आणि खोलीच्या आगाऊ रकमेतला त्यांचा वाटा कसा निघतो, याचा हिशेब आज संध्याकाळपर्यंत पाठवावा. हिशेब तयार आहे. तक्त्याचे सहावे पान त्यासाठीच आहे.