शाळा तशी जवळच आहे

मुलीची शाळा आमच्या घरापासून एक किलोमीटरसुद्धा नाही. फ्लॅट घेताना बिल्डरने तसं सांगितलं होतं आणि आश्चर्य म्हणजे ते खरं निघालं. तरीही पहिलीपासून ती माझ्या स्कूटरवरच जायची. सहावीत गेल्यावर डॉक्टरांनी तिला सहज विचारलं, "रोज खेळतेस किती वेळ?" तिने विचारलं, "मोबाईलवर की खाली?" डॉक्टरांनी उत्तर न देता माझ्याकडे पाहिलं.

मग बौद्धिक झालं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ मध्ये तिने जगभरची आकडेवारी मांडली, तेव्हा ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नाहीत असं निघालं. "शाळेत चालत जा. जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटं तिथेच सुटतात," डॉक्टर म्हणाले. त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि ते लिफ्टने येतात, पण ते असो.

चालण्यात शरीराला कष्ट फारसे नाहीत. कष्ट आहेत ते अब्रूला. पुण्यात सकाळी पावणेसातला बाप आणि लेक दप्तर घेऊन पायी निघाले की बघणाऱ्याला काहीतरी विपरीत घडल्याची खात्रीच पटते. वॉचमन म्हणाला, "पंक्चर का, साहेब?" दूधवाला म्हणाला, "पेट्रोल संपलं वाटतं." इस्त्रीवाला काही बोलला नाही, नुसता हळहळला. बी विंगमधल्या वहिनींनी तर कार थांबवून काच खाली केली.

"अहो, बसा की! संकोच कसला?"

"नाही वहिनी, आम्ही मुद्दाम चालतोय."

"हो हो," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी बायकोला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "ह्यांच्या ऑफिसात सगळं ठीक आहे ना गं?"

आता फूटपाथ. आमच्या रस्त्याला फूटपाथ आहे, हे मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. सुरुवातीला विजेचा डीपी. मग पोह्यांची गाडी, पोहे खाणारे, पोहे खाणाऱ्यांच्या दुचाक्या. पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू. मग झाड, झाडाला पार, पारावर ज्येष्ठ नागरिक. एवढ्यातूनही उरलेल्या जागेवरून सिग्नल चुकवणारा स्कूटरवाला येतो आणि आपल्यालाच हॉर्न मारतो. त्याला अडवण्यासाठी लोखंडी खांब रोवलेत. त्या खांबांमधून स्कूटर सुळकन निघून जाते, दप्तर मात्र अडकतं.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा सरकारी नियम आहे. आमच्या आईने गावाला जाताना बॅगा तोलायचा आकडेवाला काटा काढला आणि दप्तर त्याला लटकवलं. नियम जागच्या जागी मोडला. डबा, बाटली, चित्रकलेची वही हे समजू शकतं. पण "बाई आज कदाचित मागतील" या सदराखाली आणखी चार पुस्तकं निघाली. त्यातलं एकही घरी ठेवायला मुलगी तयार होईना. शेवटी दप्तर माझ्या पाठीवर आलं. व्यायाम तिचा ठरला होता, सुरू माझा झाला.

तिचं मात्र मस्त चाललंय. कंपाउंडचा प्रत्येक गज ती पट्टीने वाजवत जाते आणि वाटेतल्या कुत्र्यांची हजेरी घेते. स्कूटरवर आमचा संवाद "घट्ट धर" आणि "अं?" एवढाच असायचा. चालताना ती बोलते. डब्यातली दोडक्याची भाजी नेमकी कुणाच्या पोटात जाते, हे मला याच रस्त्यावर कळलं. बायकोला सांगायचं नाही, असं आमच्यात ठरलंय.

हे कौतुक आमच्यासारख्यांनाच परवडतं, हेही कबूल. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, कारण शाळा पाच-पाच किलोमीटर लांब असते. त्यांच्या आईबापांना चालण्याचे फायदे सांगायला गेलात, तर ते म्हणतील, एसटी वाढवा. बरोबरच म्हणतील.

शाळेचं गेट म्हणजे कळस. दोन्ही बाजूंनी गाड्या, मधे रिक्षा, रिक्षांच्या मधे बाप. एक गृहस्थ रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून मला म्हणाले, "ट्रॅफिक इतका वाढलाय की मुलांना चालत पाठवायची सोयच राहिली नाही." मागून सात-आठ गाड्यांनी हॉर्न वाजवून दुजोरा दिला. ट्रॅफिकची भीती वाटते म्हणून मूल गाडीतून आणायचं, त्याने ट्रॅफिक वाढतो, तो बघून शेजारचाही गाडी काढतो. बी विंगच्या वहिनी आमच्या पुढे निघालेल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या रांगेत होत्या. मुलीने त्यांना हात केला. काच वरच राहिली.

त्याच दिवशी मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'चालती बस' सुचवली. कल्पना माझी नाही. नव्वदच्या दशकात डेव्हिड एंग्विक्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने ती मांडली आणि पुढे बऱ्याच देशांत ती चालली. एक-दोन मोठी माणसं ठरलेल्या वाटेने चालत येतात, ठरलेल्या वेळी एकेका गेटपाशी मुलं त्यांना मिळतात आणि सगळी वरात शाळेत पोचते. मी रूट टाकला, स्टॉप टाकले, वेळा टाकल्या.

अंगठ्यांचा पाऊस पडला. मग प्रश्न आले.

"फी मंथली की टर्मवाइज?"

"एसी आहे का?"

"ड्रायव्हरचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय ना?"

बी विंगच्या वहिनींनी मात्र मेसेज नीट वाचला होता. त्यांनी मला वेगळा फोन केला. "कल्पना फार छान आहे हो. फक्त आमच्या गेटपासून तुमचा स्टॉप जरा लांब पडतो. मी त्याला तिथपर्यंत गाडीने सोडत जाईन, चालेल ना?"