क्रेमरचं ऐकायचं की उलट जायचं?

"टीव्हीवर खुर्च्या फेकतो, भोंगे वाजवतो, त्याला तू अभ्यासक म्हणतोस?" बंड्या उसळला. विषय होता टीव्हीवर शेअर घ्या-विका सांगणारा अमेरिकेचा जिम क्रेमर. कट्ट्यावर सध्या निम्म्यांची नवी डिमॅट खाती आहेत, त्यामुळे असले विषय आपोआप निघतात.

सीए म्हणाला, "भोंगे नंतरचे. हार्वर्डमधून कायदा शिकला, गोल्डमन सॅक्स या बड्या गुंतवणूक बँकेत होता, १९८७ मध्ये स्वतःचा हेज फंड, म्हणजे श्रीमंतांचे पैसे गुंतवणारा खासगी फंड काढला. त्याच ऑक्टोबरात बाजार कोसळला, त्याआधी गडी पैसे काढून मोकळा."

"आणि त्याच्या वेबसाइटच्या कंपनीचं काय झालं?" बंड्याने विचारलं.

यावर सीए जरा गप्प. १९९६ साली क्रेमरने मार्टिन पेरेट्झबरोबर द स्ट्रीट डॉट कॉम ही शेअरबाजाराच्या बातम्यांची वेबसाइट काढली. मे १९९९ मध्ये तिचा शेअर १९ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ६० वर बंद झाला. लिस्टिंगला विकून बाहेर पडला तो सुटला. २०१९ मध्ये उरलीसुरली कंपनी १.६५ कोटी डॉलरला गेली.

बंड्याचा हुकमी एक्का मात्र बेअर स्टर्न्स, अमेरिकेतली गुंतवणूक बँक. ११ मार्च २००८ ला एका प्रेक्षकाने विचारलं, तिथून पैसे काढू का? क्रेमर ओरडला, नाही, नाही, बेअर ठीक आहे! तेव्हा शेअर साठ डॉलरच्या वर होता. पाच दिवसांनी जेपी मॉर्गन बँकेने ती विकत घ्यायला भाव लावला २ डॉलर.

"अरे, पण विचारलं होतं खात्यातल्या पैशांबद्दल," बँकेतून निवृत्त झालेले काका मध्ये पडले. "ते बुडाले नाहीत. क्रेमरही नंतर हेच म्हणाला."

"काका, शेअर घ्या-विका सांगणाऱ्या कार्यक्रमात कोण खात्याचा विचार करतं?"

इथे मी बंड्याच्या बाजूचा. फोनवर कुणी शेअरचं नाव घेतलं की क्रेमर काही सेकंदांत निकाल देणार. त्या घाईत असली बारीक अट कोणाच्या कानावर पडते?

सीएने लगेच ऑक्टोबर २००८ काढला. पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरबाजारातून काढा, असं क्रेमर टीव्हीवर म्हणाला. डाऊ, म्हणजे अमेरिकेच्या शेअरबाजाराचा निर्देशांक, तेव्हा दहा हजारांच्या आसपास, मार्च २००९ मध्ये साडेसहा हजारांवर. "ऐकलं ते वाचले ना?"

"वाचले. पण परत कधी आत शिरायचं? पाच वर्षांनी डाऊ पंधरा हजारांच्या घरात होता. बाहेर बसलेला तेव्हा काय करत होता?"

याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. काकांनी चहा सांगितला.

"म्हणजे तो म्हणेल त्याच्या उलट करायचं," बंड्या खूश.

"तेही झालंय. २०२३ मध्ये दोन फंड निघाले, एक क्रेमरच्या मागे जाणारा, एक त्याच्या उलट. मागे जाणारा काही महिन्यांत गुंडाळला," सीए म्हणाला.

"बघ!"

"उलटवालाही गुंडाळला, २०२४ च्या सुरुवातीला. आणि फी दोघांनीही घेतली."